कार्यक्रमानंतरचा पहिला अर्धा तास कलाकाराचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

"गाणं अप्रतिम झालं, पण नंतर भेटायला गेलो तर धड बोललेही नाहीत," अशी तक्रार रसिकांकडून वरचेवर ऐकू येते. मग त्या कलाकाराच्या नावानं बोटं मोडली जातात, किती शेफारलाय वगैरे चर्चा होते. आम्ही मंचामागे ध्वनी, प्रकाश आणि व्यवस्था सांभाळणारी माणसं. आमचं म्हणणं असं की दहातल्या आठ वेळा दोष स्वभावाचा नसतो, वेळेचा आणि जागेचा असतो. पडदा पडल्या पडल्या विंगेत घुसून भेटायचं, हीच मुळात चूक. तीच भेट अर्ध्या तासानं, मंचापासून लांब, नीट उजेडात झाली तर तोच माणूस हसून बोलतो.

त्या अर्ध्या तासात काय चाललेलं असतं हे समोर बसणाऱ्याला दिसत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात कानापासून. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ साली कार्यक्रमस्थळांसाठी जे मानक काढलं, त्यात आवाजाची १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये असं आहे. ही वरची मर्यादा आहे, आरामाची पातळी नव्हे. कामगारांच्या श्रवणरक्षणासाठी अमेरिकेत 'नायॉश' संस्थेची जी मोजणी वापरतात, तिच्यात ८५ डेसिबलला ८ तास चालतात आणि पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. कार्यक्रम दोन तासांचा. शेवटी ऐकणाऱ्याचे आणि वाजवणाऱ्याचे, दोघांचेही कान बधिर झालेले असतात. हे बधिरपण बहुधा काही तासांत ओसरतं, पण तोवर वरच्या पट्टीतले आवाज, म्हणजे बोलण्यातली स, श, त, क ही व्यंजनं, पुसट ऐकू येतात. तुम्ही नाव सांगता 'सुमती', त्याला ऐकू येतं 'उमती'. तो "काय?" म्हणतो, तुम्ही ओरडता, तोही ओरडतो. चेहऱ्यावर आठी दिसते ती रागाची नसते, कान देऊन ऐकायच्या धडपडीची असते.

गवयाचं दुखणं आणखी वेगळं. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. १९११ साली एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्यानं हे दाखवून दिलं आणि त्याच्याच नावानं ते ओळखलं जातं. दोन तास गायल्यानंतर स्वरतंतू थोडे सुजलेले असतात. गाताना श्वासाचा आधार असतो, आवाज ताब्यात असतो. विंगेतल्या कलकलाटात बोलताना यातलं काहीच नसतं. म्हणून अनुभवी गायक सांगतात की गाण्यानं घसा बसत नाही, गाण्यानंतरच्या गप्पांनी बसतो. त्यांना पाच-दहा मिनिटं हवी असतात ती हलक्या हुंकारानं वरून खाली उतरत यायला, किंवा स्ट्रॉमधून फुंकत सूर लावायला. धावपटू शर्यत संपल्यावर चालत राहतो, तसंच हे. त्यात घामानं भिजलेले कपडे बदलायचे असतात, कमरेला बांधलेला बिनतारी माइकचा रेडिओ डबा आणि स्वतःचा आवाज ऐकवणारे कानातले मॉनिटर ध्वनिवाल्याकडे परत द्यायचे असतात. तो डबा कमरेवर तसाच राहून माणूस बाहेर गेला की आमची शोधाशोध सुरू. हे दर चार-पाच कार्यक्रमांत एकदा होतंच.

आता वाद्यं. व्हायोलिनचंच घ्या. गजाला घोड्याच्या शेपटीचे साधारण दीडशे ते दोनशे केस ताणून बसवलेले असतात आणि त्यांवर राळ घासलेली असते. ती राळ तारेला धरते म्हणून सूर निघतो. कौतुकानं कुणी त्या केसांवरून बोट फिरवलं की बोटाचं तेल लागतं. तेवढ्या पट्टीत मग राळ बसत नाही आणि गज तारेवरून नुसता घसरतो. पुसून ते पूर्ण जात नाही, बऱ्याचदा सगळे केस बदलावे लागतात. शिवाय वाजवून झाल्यावर गजाचा स्क्रू सैल करायचा असतो, नाहीतर लाकडाचा बाक हळूहळू मरतो. तारांवर पडलेला राळेचा पांढरा भुगा पुसायचा असतो, कारण साचला की तो वॉर्निशला चिकटतो. क्लॅरिनेटवाल्याला आतला ओलावा लगेच कापडानं ओढून काढावा लागतो, तसाच राहिला तर लाकूड तडकण्याची भीती. तबल्याच्या शाईवर घामट बोटांनी टिचक्या मारून पाहणारे तर प्रत्येक कार्यक्रमात भेटतात. शाई ओलाव्यानं सुटते, आणि एकदा कण निघायला लागले की त्या तबल्याचा नाद गेला. तेव्हा वादक वाद्य पेटीत ठेवत असताना त्याच्याकडे पाठ करून उभं राहणं हेच खरं कौतुक.

मंचाचं म्हणाल तर कार्यक्रम संपून सभागृहातले दिवे लागले की तो कारखाना होतो. माइकला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा, म्हणजे आवाजाच्याच वायरीतून जाणारी वीज, चालू असतो. आधी चॅनल म्यूट, मग फँटम बंद, मग वायर काढायची, आणि बंद करताना अँप्लिफायर आधी, मिक्सर शेवटी. हा क्रम चुकला आणि कुणाचा पाय अडकून जॅक निघाला, तर स्पीकरमधून धाडकन जो आवाज येतो त्यानं स्पीकरचा पडदाही फाटू शकतो आणि समोरच्याचा कानही दुखावतो. वर टांगलेले स्पीकर साखळीच्या मोटारींनी खाली येत असतात, त्यांच्याखाली त्या वेळी आमचाही माणूस उभा राहत नाही. मागच्या दारी उतार लावून चाकांच्या पेट्या गाडीत चढत असतात. भरलेली पेटी शंभर किलोच्या पुढं सहज जाते आणि उतारावर ढकलणाऱ्याला पुढचं काही दिसत नाही. नेमकं त्याच दारी, त्याच उतारावर रसिक फुलं घेऊन उभे असतात! सुरक्षारक्षक अंगावर ओरडतो तो यासाठी.

यावर उपाय फार सोपा आहे आणि तो आयोजकांच्या हातात आहे. निवेदकानं शेवटचं गाणं सुरू होण्याआधी दोन वाक्यं बोलावीत. कलाकार भेटणार आहेत का, असतील तर कुठं आणि किती वाजता, आणि भेटणार नसतील तर तसं स्पष्ट. लोक नकारानं तेवढे चिडत नाहीत, ताटकळत ठेवल्यानं चिडतात. या घोषणेचा इतिहासही गमतीचा आहे. १५ डिसेंबर १९५६ रोजी अमेरिकेत श्रीव्हपोर्ट इथं 'लुइझियाना हेराइड'च्या कार्यक्रमात एल्विस प्रेस्लीचं गाणं संपलं आणि पोरं त्याला गाठायला दारांकडे धावली. पुढचे कलाकार अजून बाकी होते. तेव्हा होरेस लोगन या निवेदकानं माइकवरून सांगितलं की एल्विस इमारतीतून केव्हाच गेला आहे, बसून घ्या. पुढं ते वाक्य म्हणीसारखं झालं. मुळात ती निव्वळ गर्दी आवरायची साधी सूचना होती.

भेट ठेवायची असेल तर आधी गणित मांडा. २०० माणसं आणि प्रत्येकी ४० सेकंद म्हणजे सव्वादोन तासांना थोडं कमी. दीड मिनिट दिलं तर पाच तास! २० सेकंदांवर आणलं तर एक तास सात मिनिटं. कोणताही थकलेला माणूस अर्ध्या-पाऊण तासाच्या वर मनापासून हसू शकत नाही, आणि सभागृह रिकामं करून देण्याची वेळही ठरलेली असते. मग ३० सेकंदांच्या हिशेबानं ६० ते ९० माणसांचीच रांग लावावी, शेवटच्या माणसाच्या मागं आपला माणूस उभा करावा आणि त्याच्यानंतर येणाऱ्यांना तिथंच सांगावं की आज जमणार नाही. रांगेत तासभर थांबवून तोंडावर दार लावणं हा सगळ्यात वाईट प्रकार.

३० सेकंदांत भेट होते का? होते, पण वेळ कुठं गळतो ते पाहावं लागतं. गप्पांत तो फारसा जात नाही. तो जातो पेनाचं टोपण शोधण्यात, सीडीवरचं प्लास्टिक नखानं सोलण्यात, फोनचं कुलूप उघडण्यात आणि नावाचं स्पेलिंग सांगण्यात. म्हणून रांगेतच एक मदतनीस फिरवावा. ज्याच्या नावानं सही हवी ते नाव त्यानं मोठ्या अक्षरात चिकटचिठ्ठीवर लिहून नेमक्या पानावर लावावं. पुस्तकांच्या सह्यांना ही पद्धत रुळलेली आहे, संगीतवाले ती का उचलत नाहीत कोण जाणे. दुसऱ्यानं वस्तू उघडून, सही करायची बाजू वर ठेवून सरकवाव्यात. तिसऱ्यानं फोन घेऊन फोटो काढावेत. आत येण्याची वाट एकीकडून, बाहेर जाण्याची दुसरीकडून. आल्या वाटेनं परतायला लावलं की रांग तिथंच तुंबते. कलाकाराच्या मागं भिंत असावी, म्हणजे पाठीमागून खांद्यावर कुणी हात टाकत नाही.

आणि मधे टेबल हवंच. लोकांना ते अपमानास्पद वाटतं, कलाकार आणि आपल्यात कुंपण घातल्यासारखं. पण १० जून २०१६ रोजी फ्लोरिडातल्या ऑर्लँडो इथं क्रिस्टिना ग्रिमी ही २२ वर्षांची गायिका कार्यक्रमानंतर चाहत्यांना भेटत असताना तिच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यात ती गेली. त्याआधी १९८० च्या डिसेंबरात 'बीटल्स'च्या जॉन लेननला मारणाऱ्यानं त्याच दिवशी काही तास आधी त्याच्याकडून तबकडीच्या वेष्टनावर सही घेतली होती. तेव्हा पिशव्या तपासल्या, रांगेत अंतर राखायला सांगितलं तर राग मानू नये. टेबलाचा आणखी एक साधा उपयोग आहे. कलाकार बसून असतो, त्यामुळं तो जास्त वेळ टिकतो.

पैसे भरून मिळणाऱ्या भेटीबद्दल थोडं. 'मीट अँड ग्रीट' नावाचं तिकीट घेणारे बरेच जण कार्यक्रम संपल्यावर थांबून राहतात आणि फसवल्याची ओरड करतात. या भेटी बऱ्याचदा कार्यक्रमाच्या आधी असतात, कारण तेव्हा घसा ताजा असतो, कपडे-मेकअप नीट असतो आणि वेळ हाताशी असते. तिकिटावरच्या अटी वाचाव्यात. सही समोर मिळणार की आधीच सही केलेलं पोस्टर हातात ठेवणार, फोटो एकट्याचा की घोळक्याचा, स्वतःच्या फोनवर की त्यांच्या छायाचित्रकाराकडून, हे तिथं लिहिलेलं असतं. कापडी चिकट पास मिळाला तर तो चामड्याच्या किंवा मखमली कपड्यावर लावू नका, काढताना वरचा थर घेऊन येतो. जीन्सच्या मांडीवर लावावा. त्याचा रंग किंवा छाप दर कार्यक्रमाला बदलतो, त्यामुळं मागच्या वेळचा पास दाखवून आत शिरायचा प्रयत्न करणारा लगेच पकडला जातो. गळ्यात लॅमिनेट, म्हणजे प्लास्टिकमध्ये मढवलेलं ओळखपत्र, घालून फिरणारे आमच्यासारखे कामगार असतात. त्यांच्याकडे पास मागून उपयोग नाही, आणि दारावरच्या रक्षकाशी हुज्जत घालून तर मुळीच नाही, त्याला कुणालाही आत सोडायचा अधिकार नसतो. विचारायचं ते टूर मॅनेजरला, आणि तेही मध्यंतरात किंवा सुरू होण्याआधी. तो कुठं सापडेल हे सीडी-टीशर्ट विकणाऱ्या टेबलावरच्या माणसाला हमखास ठाऊक असतं.

फोटो बिघडतात ते नेहमी त्याच कारणांनी. लेन्सवर खिशातला तेलकट थर असतो, म्हणून रांगेतच ती शर्टाच्या टोकानं पुसावी. मंचाचे रंगीत दिवे लागलेले असले तर चेहरे जांभळे येतात, म्हणून पांढऱ्या दिव्याखाली उभं राहावं आणि दिवा पाठीशी नको, समोर हवा. नाइट मोड बंद करावा. तो एक-दोन सेकंद उजेड गोळा करतो आणि तेवढ्यात कुणीतरी हलतंच. हात लांब करून सेल्फी काढली की जवळचा चेहरा फुगतो आणि कडेचा ताणला जातो, आणि कडेला सहसा कलाकारच असतो. त्याला मधे घ्या, किंवा दीड-दोन मीटरवरून दुसऱ्याला मागच्या कॅमेऱ्यानं काढायला सांगा. एकावर न थांबता पटापट तीन काढा, एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे असतात. फ्लॅश नको. दोन तास स्पॉटलाइटकडे बघितलेल्या डोळ्यांवर तो मारणं म्हणजे निव्वळ छळ. आणि फोनमध्ये जागा शिल्लक आहे का ते घरून पाहून या.

काय बोलावं, हा प्रश्न पुष्कळांना पडतो. "मी तुमचा सगळ्यात मोठा चाहता" हे वाक्य त्या संध्याकाळी त्यानं चाळीस वेळा ऐकलेलं असतं, त्यावर तो "धन्यवाद" यापलीकडे काय बोलणार? त्याऐवजी त्याच कार्यक्रमातलं एखादं ठिकाण धरा. तिसऱ्या गाण्यात ताल अर्ध्यावर आणून पुन्हा उचललात ती जागा, किंवा अमुक गाण्याची पट्टी आज खाली घेतलीत का, असं विचारलं की त्याचे डोळे चमकतात. आपलं काम कुणीतरी कान देऊन ऐकलं हे त्याला कळतं आणि उत्तर मनापासून येतं. दोन ओळी गुणगुणून दाखवा म्हणू नये. आपण रचलेल्या गाण्याची पेनड्राइव्ह हातात कोंबू नये. बरेच कलाकार अशा गोष्टी वकिलाच्या सल्ल्यावरून घेतच नाहीत, कारण उद्या त्यांच्या चालीत तशी जागा आली तर चोरीचा आरोप दारात उभा. हस्तांदोलन त्यानं हात पुढं केला तरच करावं, आणि हलकं. पियानो किंवा तंतुवाद्य वाजवणाऱ्याची बोटं दाबून जोर दाखवण्यात काय पुरुषार्थ? सर्दी-खोकला असेल तर लांबूनच बोलावं. गायकाला ती लागली तर पुढचे चार कार्यक्रम बुडतात. भेटवस्तू द्यायचीच तर चपटी, हलकी, न फुटणारी द्यावी, कारण दौऱ्यावरच्या माणसाचं सामान तोलून भरलेलं असतं.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगावीशी वाटते. सगळी गर्दी मुख्य कलाकाराभोवती जमते तेव्हा साथीदार बाजूला एकटे उभे असतात. ज्या तालावर तुम्ही मान डोलावलीत तो धरणारा माणूस स्वतःची वाद्यं स्वतः उचलून गाडीकडे निघालेला असतो. त्याला गाठा. त्याच्याकडे वेळ असतो, तो वाद्याबद्दल भरभरून बोलतो, आणि मुख्य कलाकार तयार झाला की पुष्कळदा तोच हाक मारून ओळख करून देतो.

शेवटी सहीबद्दल, कारण आम्हाला सर्वांत जास्त हळहळ याचीच वाटते. गुळगुळीत फोटोवर बॉलपेन चालत नाही, शाई धरत नाही आणि कागदाला खड्डे पडतात. परमनंट मार्कर बारीक टोकाचा घ्यावा. गडद रंगाच्या वेष्टनावर काळी सही दिसत नाही, तिथं चंदेरी किंवा सोनेरी पेंट मार्कर लागतो. तो आधी जोरात हलवायचा आणि रद्दी कागदावर टोक दाबून रंग उतरवून ठेवायचा. हे न करता पेन हातात दिलं तर पहिल्या अक्षरावर एक तर काहीच उमटत नाही किंवा थबकन डाग पडतो. पारदर्शक प्लास्टिक आधी काढा. त्यावर घेतलेली सही प्लास्टिकबरोबरच कचऱ्यात जाते. सीडी असेल तर डबीतली पुस्तिका काढून तिच्यावर घ्यावी, तबकडीवर नको. सीडी वाचली जाते त्या बाजूला जवळजवळ सगळी १.२ मिलिमीटर जाडी असते, पण छापील बाजूला धातूचा चकचकीत थर आणि तुमचा मार्कर यांच्यात फक्त लाखेचा पातळ पापुद्रा असतो. तीव्र द्रावकाची शाई तिथं मुरू शकते. टीशर्ट असेल तर आत पुठ्ठा घालून ताणून धरा, नाहीतर पेन कापडाला ओढतं आणि सहीच्या जागी किडे-मुंग्या उमटतात. गिटारवर हवी असेल तर पुढची प्लास्टिकची पट्टी घरीच स्क्रू काढून सोडवून आणावी आणि तीच पुढं करावी. अख्खी गिटार घेऊन रांगेत उभं राहिलं की मागच्या चौघांना टोचते. सही टिकावी म्हणून वरून घाईनं स्प्रे लाख मारू नका. तिच्यातल्या द्रावकानं मार्करची शाई पसरते आणि डोळ्यांदेखत नाव विरघळतं. घरी लावताना उन्हाची भिंत टाळा, रंगद्रव्याच्या शाईपेक्षा साध्या डायची, म्हणजे विरघळलेल्या रंगाची, शाई उन्हात लवकर उडते.

आणि सही झाल्या झाल्या वेष्टन मिटू नका, पिशवीत तर नाहीच नाही. पेंट मार्कर चांगली पाच मिनिटं ओला राहतो. दोन्ही हातांत आडवं धरून, अंगठे सहीपासून दूर ठेवून, बाहेर पडेपर्यंत तसंच चालत जा.

आपले,
मंचामागे काम करणारे काही ध्वनी व प्रकाश तंत्रज्ञ